विसाराआधीची भाकरी

आमच्या आत्याबाई घर विकत घेण्याआधी त्या घरात स्वयंपाक करायच्या. सौदा ठरलेला नाही, विसार दिलेला नाही, मालकाची पुरती ओळखही नाही, आणि या बाई त्याच्याच घराच्या मधल्या खोलीत तीन विटा मांडून चूल पेटवायच्या. मालक बिचारा दारात उभा राहून बघत राहायचा. त्याला वाटायचं, काहीतरी नवस असेल. नवसबिवस काही नव्हतं. घर तपासायची ती त्यांची रीत होती. शिरूरपासून दौंडपर्यंत त्यांनी जी घरं घेतली, दुरुस्त केली, भाड्यानं दिली किंवा पुढं विकली, त्या सगळ्यांत पहिली भाकरी विसाराच्या आधी झालेली होती. फक्त एका घराच्या बाबतीत हा क्रम चुकला, आणि तो त्यांच्या हातून चुकला नव्हता.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या भागात सुना सासूला आत्याबाईच म्हणतात. मी लग्न होऊन खुटबावहून या घरात आले, तेव्हा नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं आणि सासरे जाऊन थोडाच काळ लोटला होता. सासरचं मूळ गाव केंदूर. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखणारं घर. सासरे गेल्यावर आत्याबाईंनी मेंढरं विकली आणि भावकीतल्या शहाण्या माणसांनी सांगितल्याप्रमाणे जमीन न घेता शिरूरला एक पडकं घर घेतलं. भावकीनं कपाळावर हात मारला. आत्याबाई म्हणाल्या, "जमिनीला पानी मागावं लागतं. घराला मानूस मागावं लागतं. कारखानं आल्यात, मानसं येनारच." रांजणगावच्या बाजूला तेव्हा कारखाने उभे राहू लागले होते आणि माणसं खरंच यायला लागली होती.

चुलीची रीत कुठून आली, हे त्यांनी मला एकदा दळण निवडताना सांगितलं. त्यांचं माहेर इनामगावचं. लग्नानंतरची पहिली काही वर्षं सासरे मेंढरं घेऊन लांब मुलखात असायचे आणि आत्याबाई माहेरी राहायच्या. तेव्हा घोडनदीच्या काठी टेकाड खणायचं काम चालू होतं. फार जुन्या काळची वस्ती निघत होती, आणि गावातल्या बाया रोजानं माती वाहायला जायच्या. "पांढऱ्या मातीत आमाला कायबी कळायचं न्हाई," आत्याबाई सांगायच्या, "सगळं सारखंच दिसायचं. पन चूल निगाली की सायब लोक उड्या मारायचं. म्हनायचं, हितं घर व्हतं. भिंती गेल्या, छप्पर गेलं, मानसं गेली, आन् चूल ऱ्हायली. तवा मला कळलं, घर म्हंजी काय ते." एवढं बोलून त्यांनी सुपातला खडा टाकून दिला आणि पुन्हा निवडायला लागल्या.

त्यामुळं कुठलंही घर बघायला जाताना त्यांच्या पिशवीत कागद नसायचे. बाजरीचं पीठ, मीठ, तवा आणि लसणाची चटणी असायची. काटक्या त्या त्याच आवारातून गोळा करायच्या. चूल पेटली की त्या भाकरी थापायच्या खऱ्या, पण डोळे धुरावर असायचे. धूर एका कोपऱ्यातून झरझर वर गेला, की त्या मान वर न करता म्हणायच्या, "तितं कौल फुटलंय." धूर खालीच घुटमळत राहिला, की हात पुसून भिंत चाचपायच्या. भिंत ओली असली की खोलीची हवा जड होते आणि धूर तिथून हलायचं नाव घेत नाही, असं त्यांचं म्हणणं. हे प्रत्येक वेळी खरं ठरायचं, असं मी म्हणणार नाही. एकदा तर नुसतं वारं पडलेलं होतं आणि आत्याबाईंनी चांगल्या कोरड्या भिंतीचा गिलावा उचकटायला लावला होता. मालकाला नंतर त्यांनी तो स्वखर्चानं करून दिला, तोंडानं मात्र चूक कबूल केली नाही.

धुरापेक्षा जास्त उपयोग व्हायचा तो भाकरीच्या वासाचा. बंद पडलेल्या घरातून भाकरीचा वास आला, की शेजारच्या बाया हटकून डोकवायच्या. "कोन आलंया गं राह्याला?" म्हणत एकजण यायची, मग दुसरी. आत्याबाई त्यांना बसवून घ्यायच्या, गरम भाकरी आणि चटणी हातावर ठेवायच्या. खाता खाता सगळं बाहेर यायचं. पावसाळ्यात मोरीचं पाणी कुठं तुंबतं, बोळाची वाट कुणी अडवली आहे, मागच्या भाडेकरूनं का सोडलं, दोन भावांत बोलचाल आहे की नाही. "घराचं खरं शेजारीन सांगती. मालक फक्त किंमत सांगतो," हे त्यांचं आवडतं वाक्य होतं. शिरूरच्या एजंट लोकांनी त्यांचं नाव चूलवाल्या काकू ठेवलं ते याच्यामुळंच. आधी थट्टेनं ठेवलं, मग तेच एजंट गिऱ्हाइकाला सांगायला लागले, "हे घर चूलवाल्या काकूंनी बघितलेलं हाय बरं का."

मेंढपाळाच्या घरातली दुसरी एक खोड त्यांच्या अंगात मुरलेली होती. आवारात शिरलं की त्या आधी जमिनीचा उतार बघायच्या. कळशीभर पाणी उंबऱ्यापाशी ओतायचं आणि ते कुठं जातं याच्यामागं चालत जायचं. पाणी घराकडंच परत वळलं, तर त्या म्हणायच्या, "हितं मेंढरूबी बसलं नसतं." रानात वाडा बसवायचा तर जागा कोरडी हवी, वाऱ्याच्या आडोशाला हवी आणि पळून जायला एक वाट मोकळी हवी. घराच्या बाबतीत त्यांच्या अटी याहून फार वेगळ्या नव्हत्या. पुढचं सागवानी दार कितीही सुंदर असो, मागं दुसरं दार नसेल तर त्यांचा जीव गुदमरायचा.

पण सगळंच त्यांना पहिल्यापासून येत होतं असं नाही. शिरूरचं ते पहिलं घर दुरुस्त करताना त्या साफ फसल्या होत्या. माळवदाचं अंधारं घर ते. आत्याबाईंनी हौसेनं दोन्ही बाजूंना मोठाल्या खिडक्या पाडल्या, पुढं बसायला ऐसपैस ओटा केला, आत चुना मारून घेतला. घर लख्ख उजळलं. कारखान्यातली परप्रांतातून आलेली पोरं भाड्यानं राहायला आली आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी त्या खिडक्यांवर वर्तमानपत्रं चिकटवली, वर पोती टांगली. आत्याबाई तणतणत गेल्या आणि भर दुपारी पोती ओढायला लागल्या. आतून एक पोरगा डोळे चोळत उठला आणि हात जोडून म्हणाला, "माताजी, रात को मशीन सोने नहीं देती, दिन में आप की खिड़की."

त्या तशाच परत आल्या. दुसऱ्या दिवशी सुताराला घेऊन गेल्या आणि प्रत्येक खिडकीला आतून लाकडी झडपा बसवून दिल्या. त्यानंतर कुठलाही भाडेकरू आला, की नाव-गाव विचारायच्या आधी त्यांचा पहिला प्रश्न असायचा, "झोपता कवा?" नवीन माणूस चक्रावून जायचा. मला हसू आवरायचं नाही. पण त्यांच्या खोल्या कधी रिकाम्या राहिल्या नाहीत, त्याचं निम्मं श्रेय मी या प्रश्नाला देते.

दुरुस्तीचं काम त्या गवंड्याच्या भरवशावर सोडत नसत. पदर खोचून स्वतः उभ्या राहायच्या, आणि लग्नानंतर वर्षभरात त्यांनी मलाही उभं केलं. बोटाच्या पेरानं गिलाव्यावर टकटक करून कुठं पोकळ वाजतो ते ऐकायचं, हे मी त्यांच्याकडून शिकले. पाया खचला असेल तर भेग वर रुंद होत जाते आणि नुसता गिलावा तडकला असेल तर केसासारखी बारीक राहते, हे शिकले. आधी छप्पर, मग पाण्याची वाट, मग भिंती, आणि सगळ्यात शेवटी रंग, हा क्रम तर त्यांनी माझ्याकडून पाढ्यासारखा घोकून घेतला. गवंडी घाई करायला लागला, की त्या म्हणायच्या, "ओलीवर रंग दिऊ नगं बाबा. आजारी मानसाला नवा सदरा घालून पावना बसवल्यावानी दिसतं." गवंडी गालातल्या गालात हसायचा आणि खरवडायला घ्यायचा.

एकाच बाबतीत आमचं वाजलं. घरात संडास बांधायला त्या तयार नव्हत्या. जिथं रांधायचं, तिथंच भिंतीपलीकडं ते कसं, हा त्यांचा मुद्दा. मी दोन पावसाळे त्यांच्या मागं लागले. शेवटी एक चांगलं घर नुसतं या एका कारणापायी कुणी घेईना, तेव्हा त्या हार मानून म्हणाल्या, "बांध बाई तुझा संडास." तो बांधला आणि घर लगेच लागलं. त्या दिवसापासून आमच्या प्रत्येक घरातल्या त्या जागेला त्या चारचौघांत 'मंगलचा संडास' म्हणायच्या. मंगल म्हणजे मी. पाहुण्यांसमोरसुद्धा म्हणायच्या, आणि काय सांगू, मला त्याचा अभिमानच वाटायचा.

आता त्या एका घराबद्दल.

ते घर दौंडला होतं. माझे यजमान, बाळासाहेब, कारखान्यात नोकरीला होते, पण आईचा व्यवसाय वाढताना बघून त्यांनाही वाटायला लागलं होतं की एखादा मोठा सौदा आपण एकट्यानं करून दाखवावा. पोपट नावाच्या एजंटानं दौंडचं हे घर त्यांना दाखवलं. कोपऱ्यावरचं, दगडी जोत्याचं, सागवानी दारांचं, मागं आवार आणि आवारात आणखी एक खोली. रेल्वेत काम करणाऱ्या माणसांची तिथं कायम वर्दळ, त्यामुळं भाडेकरूंना तोटा नव्हता. दोघा भावांचं घर. बहिणीनं हक्क सोडल्याचा कागद रजिस्टर केलेला. कुठं काही अडचण नाही. आत्याबाई तेव्हा भाच्याच्या लग्नाला इनामगावला गेल्या होत्या, आणि दुसरं गिऱ्हाईक तयार आहे असं पोपट सांगत होता.

विसाराला हातात काही नव्हतं. मग ह्यांनी माझ्या पाटल्या मागितल्या. माझ्या वडिलांनी खुटबावला गुऱ्हाळाच्या कढईपाशी उभं राहून, धुरानं डोळे लाल करून घेऊन ज्या कमाईतून त्या केल्या होत्या, ती मी लहानपणी बघितलेली. तरी मी काढून दिल्या. घर मोठं होणार होतं, आणि मलाही ते घर मनापासून आवडलं होतं, असं खरंच सांगते. पाटल्या मोडल्या, विसार दिला, चिठ्ठी झाली. घेणाऱ्यानं माघार घेतली तर विसार बुडाला, असं त्या चिठ्ठीत लिहिलेलं होतं. तसं सगळ्याच चिठ्ठ्यांत लिहितात.

आत्याबाई लग्नाहून आल्या. ह्यांनी मोठ्या उत्साहानं सगळं सांगितलं. त्या माझ्या मोकळ्या हातांकडं बघत होत्या. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "चूल पेटली व्हती का?"

"आये, आता कसली चूल? कागद क्लिअर हायत सगळं," हे म्हणाले.

"मग उद्या पेटवू," आत्याबाई म्हणाल्या आणि पिशवीत पीठ भरायला उठल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं एसटीनं दौंडला गेलो. दोघे भाऊ आणि पोपट आधीच येऊन बसले होते. थोरला बोलका, धाकटा त्याच्या तोंडाकडं बघणारा. घर आत्याबाईंनाही आवडलं, ते मला त्यांच्या चालण्यावरून कळलं. पाणी ओतलं, ते सरळ गटाराकडं गेलं. भिंती कोरड्या होत्या. मग त्यांनी मधल्या खोलीत विटा मांडल्या, तेवढ्यात मागच्या दारातून एक बाई आत आली. साठीच्या आसपासची, किरकोळ अंगाची, नऊवारी नेसलेली. कोण, कुठल्या, काही न विचारता ती आत्याबाईंना म्हणाली, "हितं नका पेटवू, बाई. धूर माळ्यावर कोंडतो. आमची आई त्या पल्याडच्या कोपऱ्यात करायची." आणि स्वतःच विटा उचलून तिकडं मांडायला लागली.

ती त्या भावांची बहीण, चंद्राबाई. नवऱ्यानं टाकलेली, तरुणपणीच माहेरी परत आलेली. आई-बापाचं शेवटपर्यंत तिनंच केलं होतं. तिनं आपल्या खोलीतून काठवट आणली. आत्याबाईंनी पीठ मळलं, चंद्राबाईनं भाकरी थापली. दोघींचं बोलणं असं चाललं होतं की जणू दोन जावा खूप दिवसांनी भेटल्या आहेत. बोलता बोलता आत्याबाईंनी विचारलं, "तू राहाती कुठं?"

"हितंच. मागल्या खोलीत."

"आन् घर इकल्यावर?"

चंद्राबाईनं भाकरी उलटली. "भाऊ म्हनत्यात, बघू कायतरी."

थोरला भाऊ लगबगीनं पुढं झाला. "तिची सही झालीया, काकू. रजिस्टर हाय. तुमाला काय बी लचांड लागनार न्हाई."

"सही झाली, ते बघितलं मी," आत्याबाई म्हणाल्या. "ती कुठं जानार, ते ठरलं का?"

"ते आमचं घरातलं हाय."

"घर तर मी घेती. मंजी ते माझ्या घरातलं झालं की."

मग त्यांनी आपलं म्हणणं मांडलं. मागची खोली आणि तिच्यापुढचं अंगण चंद्राबाईच्या नावावर लिहून द्या, उरलेलं घर आम्ही घेतो, ठरल्या किमतीत. भाऊ कबूल होईनात. बहिणीला जागा लिहून दिली तर भावकीत काय तोंड दाखवायचं, उद्या प्रत्येकाची बहीण दारात उभी राहील, असं थोरला बोलायला लागला. आवाज चढला. शेवटी त्यानं चिठ्ठीवर बोट ठेवलं. "घ्यायचं तर हाय तसं घ्या, काकू. न्हाईतर विसार सोडा. लिहिलेलंच हाय."

हे आईच्या कानाशी लागले. "आये, कायदा आपल्या बाजूनं हाय. आपून घिऊ. म्हातारीचं पुढचं पुढं बघू."

आत्याबाई भाकरी खात होत्या. त्यांनी घास संपवला, पाणी प्यायल्या आणि त्या दोन भावांना, एजंटाला, स्वतःच्या लेकाला, सगळ्यांना बाजूला सारून माझ्याकडं वळल्या.

"इसार कुनाचा हाय? मंगलच्या पाटल्यांचा. मंगल, तुझं सोनं हाय, तू सांग. घे म्हनलीस तर घेते, सोड म्हनलीस तर सोडते. मी मधी बोलनार न्हाई."

हट्ट धरून, मागं लागून मी आमच्या घरात पुष्कळ काही मिळवलं होतं. पण एवढ्या बाप्यांच्या देखत माझं मत कुणी विचारलं, असं माझ्या आयुष्यात तोवर कधी झालं नव्हतं. माहेरी नाही, सासरी नाही. पायाखालची फरशी मला गार लागत होती. मला वडिलांचे लाल डोळे आठवले. मी चंद्राबाईकडं बघितलं. ती माझ्याकडं बघत नव्हती. आपल्याबद्दल बोलणं चाललं आहे हे तिला कळत होतं, पण तिला कुणाकडून काहीच अपेक्षा उरलेली नव्हती. शेवटची भाकरी तिनं निखाऱ्यावर उभी केली होती आणि ती करपू नये एवढ्याकडंच तिचं लक्ष होतं.

"सोडा विसार," मी म्हणाले.

हे ताडकन उठून बाहेर गेले. पोपट एजंटानं तोंडावर हात ठेवला. आत्याबाईंनी मला शाबासकी दिली नाही की पाठीवरून हात फिरवला नाही. त्यांनी चूल विझवली, राख भरली, उरलेल्या भाकऱ्या फडक्यात बांधून चंद्राबाईच्या हातात दिल्या आणि म्हणाल्या, "चला, एसटी चुकल."

त्यानंतर किती तरी दिवस हे माझ्याशी नीट बोलत नव्हते. आत्याबाईंना त्याची गंमत वाटायची. "सोनं हिचं गेलं आन् राग ह्याला आलाय," त्या शेजारणीला सांगायच्या. मी मात्र मोकळ्या हातांनी माहेरी जायचं टाळत होते. दिवाळीला आई विचारणार आणि वडील काही न बोलता बघणार, हे मला ठाऊक होतं. गेले तेव्हा तसंच झालं. मी वडिलांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तुझी सासू खमकी हाय." माझ्याबद्दल ते काही बोलले नाहीत, पण त्या दिवशी एसटीपर्यंत सोडायला मात्र स्वतः आले.

इकडं दौंडमध्ये वेगळंच घडत होतं. पोपटच्या पोटात काही राहत नव्हतं. चूलवाल्या काकूंनी दौंडच्या घरात भाकरी केली आणि दिलेला विसार सोडून निघून गेल्या, ही बातमी त्यानं दोन्ही तालुक्यांत पोचवली. एवढी मुरलेली बाई सोनं सोडून जाते, म्हणजे घरात काहीतरी आहे, असं लोकांनी ठरवून टाकलं. कुणी म्हणे कोर्टकचेरी आहे, कुणी म्हणे पाया खचलाय, कुणी आणखी काय काय सांगे. गिऱ्हाईक यायचं, घर बघून खूश व्हायचं, आणि हे कानावर पडलं की पुन्हा फिरकायचं नाही. आत्याबाईंना कुणी विचारलं तर त्या एवढंच म्हणायच्या, "घर लई चांगलं हाय." त्या खरंच तसं म्हणायच्या, आणि लोकांचा संशय आणखी वाढायचा.

पुढच्या उन्हाळ्यात थोरला भाऊ आमच्या शिरूरच्या दारात येऊन उभा राहिला. पुरता वैतागलेला. त्याला बसायला दिलं, पाणी दिलं. तो थेटच म्हणाला, "काकू, एकदा सांगा तरी, काय हाय आमच्या घरात?"

"तुमची बहीन हाय," आत्याबाई म्हणाल्या.

चहा आला, तो त्यानं बशीत ओतून सावकाश प्यायला. मग म्हणाला, "कागद करू. खोली तिच्या नावावर." विसारही त्यानं जमेस धरला, तो कुणी न सांगता. जाताना तो आत्याबाईंच्या पाया पडला, तेव्हा त्या म्हणाल्या, "माझ्या नगं. घरी जाऊन चंद्राबाईला सांग, पंचायत मिटली म्हनावं."

खरेदीखताच्या दिवशी दौंडला रजिस्टर ऑफिसात बाळासाहेब आईचं नाव सांगायला लागले, तर आत्याबाईंनी त्यांना थांबवलं. "इसार मंगलचा व्हता. घर मंगलचं." ऑफिसातल्या कारकुनानं पुन्हा विचारलं, म्हणून पुन्हा सांगितलं, तेही जरा मोठ्यानं. ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. आता मात्र पाहुण्यांना ते असं सांगतात की घर बायकोच्या नावावर करायची कल्पना मुळात त्यांचीच होती. मी मध्ये बोलत नाही.

ते घर दुरुस्त करताना गवंड्याला काही शोधावंच लागलं नाही. कुठल्या वाशाला वाळवी लागून गेली, कुठल्या पावसात कुठून गळतं, न्हाणीचं पाणी कुठं मुरतं, चंद्राबाई बोट दाखवत पुढं आणि आम्ही मागं. तिच्या सांगण्यावरून माळ्याला झरोका पाडला आणि धूर कोंडायचा थांबला. भाडेकरू आले, बदली होऊन गेले, दुसरे आले. कुणाच्या पोराला ताप आला तर चंद्राबाई रात्रभर बसायची, आणि कुणी नळ उघडा टाकला तर घर डोक्यावर घ्यायची. लोक आत्याबाईंना म्हणाले होते, मागं म्हातारी ठेवलेल्या घरात कोण राहील. आता भाडेकरू खोली बघायला आले की आधी विचारायचे, मावशी आहेत ना इथंच?

त्यानंतर आम्ही आणखी घरं घेतली. शिरूरला, दौंडला, एक केंदूरच्या वेशीपाशी. प्रत्येक वेळी आत्याबाई आणि मी. चूल त्या पेटवायच्या, भिंती मी वाजवायचे. पुढं त्यांचे गुडघे धरले, तेव्हा चूल मी पेटवायला लागले आणि त्या खुर्चीवर बसून धूर बघायच्या. बोलणी मात्र शेवटपर्यंत त्यांनीच केली, आणि बोलून झालं की मालकासमोर माझ्याकडं वळून विचारायच्या, "काय गं, घ्यायचं का?" मालकाला वाटायचं, सासू-सुनेचं काहीतरी नाटक आहे. ते नाटक नव्हतं. दोनदा मी नको म्हटलं आणि दोन्ही घरं त्यांनी सोडली, कारणसुद्धा विचारलं नाही.

शेवटच्या आजारपणात त्या अंथरुणाला खिळल्या. मी डोक्याला तेल लावत होते आणि दौंडचा विषय निघाला होता. चंद्राबाई दोन दिवस राहून, त्यांना बघून त्याच सकाळी परत गेली होती. इतक्या वर्षांत मला विचारायचं धाडस झालं नव्हतं, ते मी तेव्हा विचारलं.

"आत्याबाई, त्या दिवशी मी घ्या म्हटलं असतं, तर?"

त्या डोळे मिटून पडल्या होत्या.

"घेतलं असतं," त्या म्हणाल्या. "शबूद दिला व्हता तुला. तुझं सोनं व्हतं."

थोडा दम घेऊन त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडं बघितलं.

"पन फुडं कवा तुला घर बघाया संगं नेलं नसतं."

पुढच्याच महिन्यात त्या गेल्या. आम्ही किती घरं बघितली याचा मी हिशेब ठेवला नाही, पण एवढं छातीठोकपणे सांगते. दौंडच्या त्या दिवसानंतर आत्याबाईंनी माझ्यावाचून एकाही घराचा उंबरा ओलांडला नाही.